मधुमालती आणि शेंगाची चटणी

मधुमालती ही वेल मनुष्यास शोभा, सुगंध आणि सावली या तीन गोष्टी देते, हे सर्वमान्य आहे. ती चौथीही एक गोष्ट देते, ती म्हणजे उचकी. हा चौथा गुण सोलापुरात, आमच्या अंगणात, मोठा दुष्काळ ओसरल्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रकाशात आला. त्याच्या शोधाचे श्रेय प्रथम म्हाळसाबाईंच्या शेळीकडे जाते, नंतर माझ्याकडे, आणि त्यानंतर ज्या थोर मंडळींकडे जाते त्यांची नावे यथावकाश येतीलच.

वाचकांनी मला वनस्पतिशास्त्रज्ञ समजू नये. माझे शालेय शिक्षण मोहोळ येथे सातवीपर्यंत झाले. पुढील सर्व विद्या मी सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात उभ्याने मिळविली. तेथे मी जुळारी आहे, म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून त्यांच्या ओळी लावतो. वैद्यक, ज्योतिष, सहकार, कीर्तन आणि लग्नपत्रिका या सर्व विषयांत माझे हात शब्दशः काळे झालेले आहेत. पदवीधर मनुष्य वाचलेले विसरतो. जुळाऱ्याला मात्र प्रत्येक अक्षर बोटाने उचलावे लागत असल्यामुळे विसरण्याची सोय नसते.

आमची वेल एकेरी पाकळ्यांची. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, सकाळी गुलाबी होतात आणि पुढे लाल होऊन झुंबरासारखी लोंबतात. दारापुढच्या बांबूंवरून ती पत्र्यावर गेली होती, आणि तिच्या सावलीत माझी पत्नी वच्छला शिवणवर्ग चालवीत असे. पत्र्याच्या खोलीत एप्रिल महिन्यात दुपारी बसणे म्हणजे भाकरीच्या जागी आपण तव्यावर बसणे होय. बाहेर वेलीखाली मात्र मशीन चाले, विणकरांच्या मुली तेलुगूत हसत आणि मराठीत शिवत, आणि वच्छलेच्या चेहऱ्यावर मी लग्नात पाहिले नव्हते असे तेज दिसे. तो वर्ग तिने स्वतः उभारला होता. माझा त्यातला वाटा एवढाच, की वेल मी लावली होती. आणि हा वाटा मी आल्यागेल्यास सांगत असे.

अशा स्थितीत एके सकाळी मी छापखान्यात जाण्यासाठी सदऱ्याच्या गुंड्या लावीत असता बाहेरून हाक आली.

"ओ ज्ञानबाराव, भाईर या जरा. तुमच्या येलीनं माजी शेळी मारली."

हाक म्हाळसाबाईंची होती. या बाई सांगोल्याकडच्या धनगर. दुष्काळात मेंढरे घेऊन निघाल्या आणि अखेरीस एका शेळीनिशी आमच्या ओळीतील शेवटच्या खोलीत स्थिरावल्या. मी बाहेर आलो. शेळी उभी होती. मेलेली शेळी उभी राहत नाही, हा मुद्दा मी नम्रपणे मांडला.

"मरंल की आता. बगा तरी तिच्याकडं."

शेळीने माझ्याकडे पाहिले, मान उंच केली, सर्वांगास एक झटका दिला आणि 'हिक्' असा आवाज काढला. हा प्रकार थोड्याथोड्या वेळाने चालू होता. तिच्या पायाशी मधुमालतीची वाळकी, तपकिरी, पाच कडांची फळे चघळून टाकलेली पडली होती. दुहेरी पाकळ्यांच्या शोभेच्या वेलीस सहसा फळे धरत नाहीत. आमची एकेरी असल्यामुळे धरत असत. या गोष्टीचा मला तोवर अभिमानच होता.

आमचे शेजारी निवृत्त जमादार मानसिंगराव हे दात घासण्याचे काम अर्धवट सोडून आले. त्यांच्या मते उचकीवर जगात एकच उपाय आहे, तो म्हणजे दचकविणे. मी काही म्हणण्यापूर्वी त्यांनी शेळीच्या कानाशी अशी आरोळी ठोकली, की पूर्वीच्या काळी तिने गुन्हेगार कबूल होत असले पाहिजेत. शेळी कबूल झाली नाही. ती वर्गात शिरली आणि शिंगांत परकराचे कापड अडकवून, उचक्या देत, ओळीच्या टोकापर्यंत मिरवत गेली. परकर गुरुबसप्पांच्या सुनेचा होता.

गुरुबसप्पा हे आमचे घरमालक. मूळचे मैंदर्गीचे. भुसाराचे दुकान, कपाळावर भस्म, बोलणे सावकाश आणि मध्येच आदराचा कानडी 'री' जोडणारे. वेलीचा पालापाचोळा साचून पत्रे गंजतात, ही त्यांची जुनी तक्रार होती. ते येऊन परकर, शेळी आणि वेल यांच्याकडे या क्रमाने पाहत राहिले.

"विषारी वेल माझ्या जागेत नको री ज्ञानबाराव. रविवारी माणूस आणतो. मुळापासून काढून टाकतो."

"मालक, वेल गेली की माजा वर्ग गेला," वच्छला म्हणाली. "पोरी काय पत्र्याखाली भाजून घ्यायला येणार हायेत?"

"वर्गाचं मला वाईट वाटतं, ताई. पण उद्या एखादं लेकरू खाईल. मग?"

वच्छलेने मशीनवर हात ठेवला. ते पाहून माझ्या मुखातून, खिळा हातातून निसटावा तसे, वाक्य निसटले: "मालक, ही वेल विषारी नसून भक्ष्य आहे. रविवारी मी ते सर्वांसमक्ष सिद्ध करीन."

आता या वाक्याचा आधार काय, तो सांगणे प्राप्त आहे. काही दिवसांपूर्वी आमच्या छापखान्यात घरगुती वनौषधींवरचे एक पुस्तक आले होते. छापावयाच्या हस्तलिखितास आम्ही कॉपी म्हणतो. काम लवकर उरकावे म्हणून कॉपीचे कागद जुळाऱ्यांत वाटून देण्याची पद्धत आहे. त्यामुळे एखादा जुळारी नायिकेस विहिरीत पडलेली पाहतो, आणि ती वर आली की नाही, हे शेजारच्या जुळाऱ्यास ठाऊक असते. मधुमालतीचा मजकूर असाच विभागला गेला. 'फुले व कोवळी पाने शिजवून खातात' येथवरचा कागद माझ्याकडे होता. पुढचा कागद कोंडीबाकडे गेला. हा कोंडीबा मजहून कनिष्ठ. त्याने एकदा माझ्या कागदात डोकावून चूक दाखविली होती, तेव्हा 'ज्याची कॉपी त्याने पाहावी' असे मी त्यास खड्या आवाजात सुनावले होते.

"कोंडीबाभावजींना इचारा की, पुढं काय लिवलंय ते," वच्छला त्याच दिवशी म्हणाली.

"ग्रंथाचा आत्मा पूर्वार्धात असतो," मी म्हणालो.

"शेळीनं उत्तरार्ध खाल्ला असंल," ती म्हणाली, आणि उसवलेला परकर घेऊन बसली.

केवळ भक्षण करून दाखविणे मला अपुरे वाटले. शासकीय साक्षीदार हवा होता. म्हणून मी एका कार्यालयात गेलो. त्याचे नाव मी देत नाही, कारण तेथील प्रत्येकाने मला 'बसा' म्हटले होते, आणि त्या सौजन्याची मला जाणीव आहे. पहिल्या मेजावरील गृहस्थांनी विचारले, वेल तोडायची आहे काय? मी म्हणालो, तोडायची नाही. ते म्हणाले, "मग तक्रार काय आहे तुमची? न तोडायला परवानगी लागत नाही." दुसऱ्या मेजावर वेलीपासून धोका आहे काय, असे विचारले. मी नाही म्हणताच त्यांचा रस संपला. तिसऱ्या मेजावर मी 'खाद्य' हा शब्द उच्चारला, तेव्हा नमुना बाटलीत सीलबंद करून आणण्यास सांगण्यात आले. वेल पत्र्यावर पसरलेली असून बाटलीत बसणार नाही, हे मी निदर्शनास आणले.

"मग जागेवर पाहणी लागेल. आणि पाहणी कशाची, तर विषाची की खाद्याची, हे आधी ठरायला हवं. दोन्हीचे साहेब वेगळे आहेत."

मी म्हणालो, तेच तर ठरवावयाचे आहे. ते म्हणाले, ठरल्यावर या.

जिन्यात मला आरोग्याकडील एक इन्स्पेक्टरसाहेब भेटले. वयस्क, सडपातळ, हातात डबा. मी माझी हकीकत चौथ्यांदा आळवली. त्यांनी सर्व ऐकून एकच प्रश्न विचारला.

"फुलांची भजी होतात म्हणता? कुरकुरीत?"

मी होय म्हणालो. साहेबांनी डब्याकडे पाहिले. नंतर ते म्हणाले, की रविवारी त्यांना त्या बाजूस काम आहेच, खाजगीत डोकावतील.

वच्छलेने शनिवारी तालीम घेतली. ताजी फुले तोडून, मुंग्या झटकून, धुऊन, लांब हिरवा देठ काढून, ओवा घातलेल्या पातळ पिठात बुडवून तिने पहिला घाणा काढला आणि तो माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला. फुलाचा किंचित गोडवा आणि डाळीच्या पिठाचा खमंगपणा यांचा असा मिलाफ झाला होता, की विष असते तरी मी दुसरा घाणा मागितला असता. रात्र निर्विघ्न गेली. माझा विजय जवळजवळ छापून तयार होता. एवढ्यात रविवारी पहाटे मानसिंगराव आले आणि त्यांनी प्रूफात चूक काढावी तशी शंका काढली.

"फुलं ठीक आहेत हो. पण शेळीनं फुलं कुठं खाल्ली? तिनं खाल्ल्या बिया. तुम्ही फुलं खाऊन दाखवणार, म्हणजे चोरी एकानं केली आणि जामीन दुसऱ्याला दिला."

हा आघात वर्मी बसला. मी एक वाळके फळ फोडले. आतला पांढरा गर जिभेवर ठेवला. चव थेट सुक्या खोबऱ्याची. आणि त्या क्षणी मला ती कल्पना सुचली, जी अन्य कोणत्याही गावच्या मनुष्यास सुचली नसती. सोलापुरात ज्यास काही पटवून द्यावयाचे असेल त्याच्यापुढे शेंगाची चटणी ठेवतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ उखळीत तेल सुटेपर्यंत कुटले, की ते मिश्रण वाद घालू देत नाही. मी दाण्यांतले निम्मे काढले आणि त्या जागी मधुमालतीचा गर घालून स्वहस्ते कुटू लागलो.

वच्छला भाकरी थापता थापता थांबली. "अहो, कोंडीबाभावजी येणारच हायेत आज. तेवढं इचारून मग कुटा."

"ज्येष्ठाने कनिष्ठास विचारणे ही छापखान्याची शिस्त नव्हे."

"बरं. मी न्हाई खाणार, आणि माज्या पोरींना बोटभर देणार न्हाई. त्यांच्यासाटी फकस्त भजी." तिने दुसऱ्या वाटीत निव्वळ दाण्यांची चटणी वेगळी काढली, आणि मला तो माझ्या विद्वत्तेचा अपमान वाटला.

सभा वेलीखाली भरली. मध्यभागी इन्स्पेक्टरसाहेब, उजवीकडे गुरुबसप्पा, डावीकडे मानसिंगराव. वेल तोडावयास आलेला मनुष्य कोयता मांडीवर घेऊन पाहुण्यासारखा बसला होता. मुली कडेला, एक मशीनवर. कोंडीबा नुकताच येऊन चपला काढीत होता. म्हाळसाबाई आल्या आल्याच म्हणाल्या, "मला येक बोलायचंय."

"थांबा बाई, आधी पाहणी," गुरुबसप्पा म्हणाले.

भज्यांनी सभा जिंकली. साहेबांनी एक भजे उजेडाकडे धरून तपासले, दुसरे न तपासता खाल्ले, आणि पुढची तर पाहिलीही नाहीत. "माझं येक म्हणणं हाय," म्हाळसाबाई पुन्हा उठल्या. भाकरी वाढली जात असल्याने त्यांना बसविण्यात आले. नंतर मी चटणी वाढली. गुरुबसप्पांनी ती दह्यात कालवून घेतली, मग तेल टाकून घेतली, मग कशातही न कालवता घेतली.

"कोणी कुटली री?"

"मी," मी म्हणालो.

"भले."

मी भाषणास उभा राहिलो. "सभ्य गृहस्थहो, ज्या चटणीचा आपण आदर केला, तिच्यात याच वेलीच्या बिया आहेत. सबब ही वनस्पती सर्वांगाने—" येथे माझ्याच सर्वांगास झटका बसला. "हिक्," मी म्हणालो. मी ते खाकरण्यात लपविले आणि पुन्हा आरंभ केला. "सर्वांगाने— हिक्."

"पाणी प्या," साहेब करुणेने म्हणाले, आणि तांब्या माझ्याकडे सरकविताना स्वतःच असे उचकले, की तांब्या कोयतेवाल्याच्या मांडीवर गेला. मानसिंगरावांनी आम्हा दोघांस दचकविण्यासाठी छाती भरून आरोळी ठोकावयास घेतली. ती अर्ध्यावर फुटून तिची उचकी झाली. मशीन थांबले. मुलींनी पदर तोंडात कोंबले.

गुरुबसप्पा मात्र गंभीर होते. त्यांनी हात वर केला. निकालाची वेळ आली होती.

"भजी मान्य. चटणी लई मान्य. आता ही वेल राहू— हिक्."

राहू द्यावी, की राहू नये? वच्छला एक पाऊल पुढे आली.

"वेल राहू— हिक्. राहू— हिक्."

"आक्षी माज्या शेळीवानी," म्हाळसाबाई समाधानाने म्हणाल्या.

या उपमेने गुरुबसप्पांचा तोल गेला. ते उठले, त्यांनी वेलीकडे बोट दाखविले, आणि कोयतेवाला अंग झाडून उभा राहिला. वच्छलेने मशीनवर पांघरूण घालण्यास सुरुवात केली. माझ्या आयुष्यात पुष्कळ प्रूफे नापास झाली आहेत, पण त्या पांघरुणासारखे काळीज कापणारे दृश्य मी पाहिलेले नाही.

"घाबरू नका," मागून कोंडीबा म्हणाला. "बियांची उचकी हाय ती. लिवलेलं हाय." आणि त्याने वर वेलीकडे पाहत, बोटांनी हवेतले खिळे उचलीत, म्हणून दाखविले: "बिया कृमिनाशक स्वल्पविराम अधिक सेवनाने उचकी व मळमळ होते स्वल्पविराम ती काही वेळाने शमते पूर्णविराम. वैद्याच्या देखरेखीवाचून बिया घेऊ नयेत पूर्णविराम."

"हे आधी— हिक्— का सांगितले नाहीस?"

"तुमीच म्हणाला हुता की, ज्याची कापी त्यानं बगावी."

आता म्हाळसाबाईंनी कोणाचीही परवानगी घेतली नाही. "म्हंजी म्हनूनच. माज्या शेळीचं दुसऱ्या दिशी जंत पडलं. किती दिस खंगत चालली हुती. आता खाती पिती, दूद वाडलं. हेच सांगायला सकाळपास्नं उटतीया, तर बसा म्हनत्यात."

परंतु गुरुबसप्पा ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. साहेबांच्या सूचनेवरून आम्ही त्यांना आडवे करण्यासाठी आमच्या खोलीत नेले, बाजेवर निजविले आणि दार लोटले. दुपार भरात आली होती. वरचे पत्रे तडतडत होते. बाजेच्या बाजूच्या पत्र्यावर वेल पोहोचलेली नव्हती.

बाहेर साहेबांनी, उचक्यांच्या मधल्या फटी साधून, अभिप्राय दिला. फुलांस आक्षेप नाही. फळे मात्र धरताच कोवळेपणी तोडून पुरावीत. लेकरांच्या हाती जाऊ देऊ नयेत. याहून अधिक आपण काही पाहिले नाही.

"आणि चटणी, साहेब?" वच्छलेने विचारले.

"भजी खाल्ली. चटणी माझ्या स्मरणात नाही. हिक्."

एवढ्यात दार धाडकन उघडले. गुरुबसप्पा घामाने निथळत बाहेर आले आणि थेट वेलीच्या दाट सावलीत येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. वाऱ्याची एक झुळूक आली, दोनचार फुले त्यांच्या टकलावर पडली, ती त्यांनी काढली नाहीत. उचकी थांबली होती.

"शिवशिवा. त्या खोलीत माणसं राहतात?"

"व्हय मालक," वच्छला म्हणाली. "तुमचीच खोली हाय ती."

गुरुबसप्पांनी डोळे उघडून पत्र्याकडे पाहिले. हा पत्रा त्यांनी बसविला होता, त्याचा गंज मोजला होता. त्याच्याखाली मात्र ते दुपारचे कधी बसले नव्हते. मग त्यांनी आपले अडकलेले वाक्य पूर्ण केले.

"वेल राहू द्या, म्हणतो मी. आणि त्या बाजूलाही चढवा. पत्र्याला टेकू नये म्हणून बांबू मी देतो."

कोयतेवाल्याने विचारले, "मग मी काय करू?" त्यास भजी वाढण्यात आली. निव्वळ दाण्यांची चटणीही वाढली.

त्यानंतर वेल सबंध खोलीवर पसरली. वर्गात मुली वाढल्या. गुरुबसप्पांची सून प्रथम आपला परकर पाहण्यास आली, ती मशीनवर बसूनच राहिली. कोवळी फळे तोडण्याचे काम म्हाळसाबाईंनी आपणहून पत्करले. ओळीतल्या काहींनी माझ्याकडे बिया मागितल्या. मी त्या कोणासही दिल्या नाहीत, आणि प्रत्येकास कोंडीबाचा उत्तरार्ध पूर्णविरामासकट ऐकविला. छापखान्यातही मी आता कागद हाती आला, की कोंडीबाला आधी हाक मारतो आणि पुढे काय आहे ते विचारतो. तो सांगतो, पण सांगण्यापूर्वी जरा थांबतो. तेवढे मी सोसतो.

रविवारी गुरुबसप्पा भज्यांसाठी वेलीखाली येतात. वच्छला भाकरी वाढते, चटणी वाढते. ते वाटीकडे पाहतात.

"निव्वळ शेंगाची?"

"निव्वळ," मी म्हणतो.

ते हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत राहतात. मी पहिला घास घेतो. मग आम्ही दोघेही थांबतो. वेलीवर मधमाश्या गुणगुणत असतात, मशीन एका लयीत चालू असते, आणि दुसरा कोणताही आवाज होत नाही. तेव्हा गुरुबसप्पा हात पुढे करतात.